शिळं पाणी

औरंगाबादेत नोकरी लागली तेव्हा मी गुलमंडीमागच्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर खोली घेतली. वर्तमानपत्रात उपसंपादक होते. दिवसभर बातम्या कापायच्या. घरी आल्यावर बोलायला कुणी नसे. जिन्यात पाऊल वाजलं की मी उठून दार उघडत असे. पाऊल दुसऱ्याच दाराशी थांबलेलं असे.

नळाला पाणी काही दिवसांआड येई. आलं की बायका एकमेकींना हाका मारत. ती हाक गल्लीतल्या प्रत्येक दारापर्यंत जाई, माझ्यापर्यंत नाही. एकट्या बाईला पाणी लागतं कितीसं? मला पाणी नको होतं, हाक हवी होती.

पाणी कधी सुटणार ही बातमी माझ्याच टेबलावरून छापायला जाई. एका संध्याकाळी तळमजल्यावरच्या मावशींना मी म्हटलं, "उद्या सकाळी पाणी आहे."

"पक्कं?" मावशी मूळच्या बिडकीन गावच्या, बोलीही तिकडचीच.

"पक्कं."

त्यांनी ते गल्लीभर केलं. नवं पाणी येणार म्हटलं की शिळं ओतून टाकायचं, ही इथली रीत. ड्रम घासले गेले, गोधड्या धुतल्या, अंगणं न्हाली. मला दोन घरांतून चहाला बोलावणं आलं.

सकाळी नळ कोरडे. चितेगावजवळ शहराला पाणी आणणारी जलवाहिनी फुटली होती. मी दार ते खिडकी येरझारा घालत होते. खालून मावशींचा आवाज आला, "काय गं पेपरवाले, तुझं पाणी पेपरातच आलं का?"

गल्ली हसली. "तिला काय!" दुसरी म्हणाली. "एका जीवाला तांब्या बी लई."

मी खिडकी लावून घेतली. कोपऱ्यात माझा ड्रम काठोकाठ होता. शिळं पाणी मी ओतलंच नव्हतं. भरला ड्रम आडवा करायला दोन माणसं लागतात.

थोड्या वेळानं खिडकी उघडली. हाक मारायची सवय नव्हती, आवाज चिरका निघाला. "मावशी, माझ्याकडे पाणी आहे!"

मग जिन्यात पावलं वाजली आणि माझ्या दाराशी थांबली. मावशींच्या कमरेवर कळशी होती, मागं आणखी बायका.

"शिळं हाय ना?"

"शिळंच आहे."

"चालंल. धर तिकडून, वाकव."

ड्रम तळापर्यंत रिकामा झाला.

जलवाहिनी दुरुस्त होऊन नळ सुटले तेव्हा उजाडत होतं. मी केव्हाची जागी होते. खालून आवाज आला, "ए पेपरवाले, ऊठ! पाणी आलं!"

मी घागर उचलली, पण दुसऱ्या हाकेपर्यंत दाराआड थांबले.