मालडब्यातली अढी

रत्नागिरीत नॅरोगेज रेल्वे कधीच नव्हती. त्यामुळे तिचे मालडबे कसे बांधत, याचा इतिहास लिहायला हेच गाव मला योग्य वाटलं. इथे माझी चूक काढणारं कोणी नाही! (एक बायको सोडून.)

पुरावा म्हणून माझ्याकडे एकच डबा होता, तोही सासरवाडीचा. सासऱ्यांनी फार पूर्वी घाटावरून भंगारात आणून पावस गावच्या बागेत ठेवलेला. चाकं गायब, भिंती लाकडी, वर पत्रा. माझा मेव्हणा बापू त्यात आंब्याची अढी घालतो. गवतात आंबे रचायचे, दार लावायचं आणि पिकेपर्यंत ढुंकून बघायचं नाही.

यंदा त्या अढीत हिचा जीव अडकला होता. आमच्या सईचं लग्न नुकतंच झालेलं. पहिली पेटी पुण्याला विहीणबाईंकडे जायची होती. "आमच्या बागेतला आंबा खाऊन तर बघा!" असं ही भर मांडवात सांगून बसलेली.

आणि माझं घोडं अडलं होतं त्याच अढीखाली! डब्याची चौकट रिव्हेट मारून जोडलीय की बोल्ट लावून? सगळा लेख तेवढ्यासाठी खोळंबलेला.

दुपारी बापू रिकाम्या पेट्या आणायला गेला, ही आत वहिनीशी बोलत बसली. मी गुपचूप सगळे आंबे अंगणात नेऊन मांडले, गवत सारलं... रिव्हेट! डोळ्यांत पाणीच आलं हो. जरा टेकावं म्हणून तिथेच गवतावर आडवा झालो.

फळ्यांच्या फटींतून उन्हाच्या रेघा, पिकल्या आंब्याचा वास, लांबून समुद्राची गाज. आणि डबा अलगद हलला. खडखड नाही, धक्का नाही. आम्ही माडांमधून चाललो होतो, मी हिरवा बावटा दाखवत होतो, खाडीच्या पाण्यावर रूळ तरंगत होते. एवढं सुख मला उभ्या नोकरीत मिळालं नाही. तेवढ्यात छपरावर धडाधड पावलं वाजली.

"प्रवाशांनी वर चढू नये!" मी झोपेतच ओरडलो.

प्रवासी माकडं होती.

"अहो!" ही अंगणात कपाळाला हात लावून उभी. "मेल्यांनी एक आंबा धड ठेवला नाही!"

बापू आला. त्याने अर्धवट खाल्लेल्या आंब्यांकडे पाहिलं, मग माझ्या केसांतल्या गवताकडे.

"काय मिळालं, भाऊजी?"

"रिव्हेट."

"मग तेच पाठवा पुण्याला!"

ही रडायलाच लागली. मलाही गलबलून आलं. बाकीचा आंबा अजून झाडावर कच्चा. शेवटी रत्नागिरीच्या माणसानं करू नये ते मी केलं: तोंडाला रुमाल बांधून बाजारातून आंबे विकत आणले! पेटी उघडली तर आत कन्नड वर्तमानपत्र. पण पुण्याची गाडी सुटत होती. कागद बदलला आणि पेटी रवाना केली.

मग विहीणबाईंचा फोन आला. हिने देवाचं नाव घेऊन स्पीकर लावला.

"अहो, बागेतला तो बागेतलाच हो! बाजारच्या आंब्याला ही चव कुठली? आता दरवर्षी ह्याच झाडाचे पाठवा!"

मालडब्यांचा लेख तसाच पडलाय. सध्या माझं संशोधन त्या झाडावर चालू आहे. ते कर्नाटकात आहे, एवढंच अजून हाती लागलंय.