पाच नंबरच्या गेटवरची टोळी

आमच्या आबांना अनोळखी माणूस सहन होत नाही. समोर कोणी येऊन बसलं की पाच मिनिटांच्या आत त्याचं गाव, आडनाव, आजोळ आणि सोयरीक बाहेर काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. आमच्या गावच्या, वरकुट्याच्या स्टँडवर हे शोभतं. पुण्याच्या विमानतळावर, लॅपटॉप मांडीवर घेतलेल्या माणसाच्या गुडघ्यावर थाप मारून ‘पावनं, गाव कुठलं?’ विचारलं तर अजिबात शोभत नाही. मी सरळ दोन खुर्च्या सोडून बसले आणि ओळख नसल्यासारखी मोबाईलमध्ये बघत राहिले.

मला थायलंडला नोकरी लागली होती. बी.कॉम. होऊन दोन वर्षं बारामतीत एका दुकानात बिलं करत होते, त्याला विटले होते. ओळखीच्या ओळखीतून माऊलीसर भेटले, त्यांनी डेटा एंट्रीचं काम मिळवून दिलं. आईने अट घातली, दिल्लीपर्यंत आबा सोबत येतील आणि पोरगी पुढच्या विमानात बसली की परत फिरतील. माऊलीसरांनी आधी तोंड वाकडं केलं, मग हसून म्हणाले, ‘या की आजोबा, तुमचीही हौस होईल.’ माणूस गोड होता. आवाज कधी चढवायचा नाही, सगळ्यांना अहो-जाहो. आमचे सात जणांचे पासपोर्ट त्यांच्याकडे एका काळ्या पाकिटात होते, कारण हरवले तर नसती आफत.

आबांचं नाव मानसिंग, पण सगळी हयात त्यांना कोणी नुसत्या नावाने हाक मारली नाही. ते ऊसतोडीचे मुकादम. दसरा झाला की लांबच्या कोरडवाहू गावांत जायचे, कोयते जमवायचे (नवरा-बायको मिळून एक कोयता) आणि टोळी आणून सोमेश्वरनगरच्या साखर कारखान्याच्या तळावर उतरवायचे. दहा वर्षांपूर्वी गुडघे गेले तेव्हा थांबले. मानसिंग मुकादमाची टोळी कधी फुटली नाही, हंगाम संपायच्या आत एक कोयता कधी पळाला नाही, हे आमच्या घरात इतक्या वेळा सांगितलं जायचं की मीही ते शाळेत मिरवायचे. टोळी का फुटत नाही, हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं.

विमान दुपारी एकचं होतं. बारा वाजता पाटीवर साडेतीन आलं. माऊलीसर आमच्यात हळूच फिरून गेले. ‘एकत्र बसू नका, घोळका दिसला की उगाच चौकशा होतात. आणि कामाचं आपसात बोलू नका. पगार कमी-जास्त आहेत, मनं दुखावतात.’ मला वाटलं, किती समजूतदार माणूस.

आबांना ही सूचना नव्हती. ते त्या टोळीत नव्हतेच. तीन तास मोकळे मिळाल्यावर ते खुर्च्या-खुर्च्यांवरून फिरू लागले.

आमच्या सात जणांतली पहिली सापडली सारजा. बावीस-तेवीसची, नवीन चपला टोचत होत्या म्हणून पाय बाहेर काढून बसलेली. आबांनी गाव विचारलं.

‘सोमेश्वरनगर,’ ती म्हणाली. ‘तसं आमचं मूळ गाव लांब. आई तोडीला आलती, मग हितंच राहिली. आता भाजी इकती.’

‘नाव काय आईचं?’

‘शकुबाई.’

‘कुणाच्या टोळीत व्हती?’

‘मानसिंग मुकादम म्हणून कोण व्हता. आई सांगती, आजी मरायला टेकली तरी त्यानं गावाकडं जाऊ दिलं न्हाय. बोलायला मातूर लई गोड.’ तिने डबा उघडून आबांपुढे धरला. ‘घ्या आबा, शेंगदाण्याचा लाडू.’

आबांनी लाडू घेतला. खाल्ला नाही, हातात धरून ठेवला. मी दोन खुर्च्यांवरून सगळं ऐकत होते आणि आबा आता ‘अगं, तो मीच की’ म्हणून हसतील याची वाट बघत होते. ते हसले नाहीत. ‘काम कसलं सांगितलंय?’ एवढंच त्यांनी विचारलं. सारजाने इकडेतिकडे बघून सांगितलं, कपडे शिवायचा कारखाना.

मग ते खिडकीपाशी बसलेल्या ऋषिराजकडे गेले, भवानीनगरचा, नवं जॅकेट घातलेला. तिथून आमच्यातल्याच एका चष्मेवाल्याकडे. अर्ध्या तासाने माझ्या शेजारी येऊन बसले. आबा स्वतःहून गप्प बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

‘तुला काय काम हाय म्हणालीस?’

‘डेटा एंट्री, आबा. शंभरदा सांगितलंय.’

‘सारजाला शिवणकाम. त्या ऋषिराजला हाटेल. चष्मेवाल्याला मोबाईलचं दुकान. आन् कंपनीचं नाव इचारलं तर चौघांचं एकच. कागद हाय तुज्याकडं?’

‘सरांकडं हाय.’

‘पासपोर्ट?’

‘सरांकडं. आबा, हळू बोला.’

ते हळूच बोलत होते. ‘मी रेशनकार्ड ठिवून घ्यायचो. हरवंल म्हणून. एकाला सांगायचो पक्की खोली मिळंल, दुसऱ्याला सांगायचो तळ रस्त्यालगत हाय, तिसऱ्याला आणखी कायतरी. आन् गाड्यांत वायलं वायलं बसवायचो. बसली एका जागी तर बोलत्यात, बोलली तर जुळवत्यात. ह्यो माणूस मुकादम हाय, छकुले.’

मला राग आला. नाकावर राग माझ्या जन्मापासूनचा, पण हा वेगळा होता. दोन वर्षांची नोकरी सोडली होती, मैत्रिणींना सांगून झालं होतं, आणि हा म्हातारा मला ऊस तोडायला चाललीस म्हणत होता. ‘सगळी दुनिया तुमच्यासारखी नसती,’ मी म्हणाले. हे बोलायला नको होतं असं मला अजून वाटतं, आणि बोलले ते बरं केलं असंही वाटतं.

‘नसती,’ आबा म्हणाले. ‘पर चोराच्या वाटा चोराला ठाव असत्यात. असं कर. मी जाऊन तुजा पासपोर्ट मागतो. खरं काम असंल तर तो भांडंल. तिकीट काढलंय म्हणंल, कंपनीला काय तोंड दाखवू म्हणंल. भांडला तर तू जा, मी आडवा येनार न्हाय. गपचूप दिला तर ऊठ.’

मी कबूल केलं. माऊलीसर भांडतील अशी माझी खात्री होती. मनातल्या मनात मी म्हणत होते, भांडा सर, चांगलं जोरात भांडा.

आबा काठी टेकत गेले. काय बोलले ते ऐकू आलं नाही. माऊलीसरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाकीच्या सहा जणांकडे, आणि काळ्या पाकिटाची चेन उघडली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आबा निघताना सर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, हे मात्र मी ऐकलं, ‘न्या आजोबा, जबरदस्ती नाही. फक्त बाकीच्यांशी बोलू नका. पोरं घाबरतात.’

आबांनी पासपोर्ट माझ्या मांडीवर ठेवला. ‘एका कोयत्यापायी टोळी फुटू द्यायची नसती,’ ते म्हणाले. ‘मीबी दिला असता.’

गेटवर रांग लावायला सांगितलं तेव्हा ते पुन्हा सारजाकडे गेले. या वेळी मीही गेले. आबांनी तिला सगळं सांगितलं, चार जणांची चार कामं, एकच कंपनी, माझा पासपोर्ट कसा परत मिळाला ते. ती ऐकत होती. तिच्या डोळ्यांत भीती उतरलेली मला दिसली. चपला घालता घालता ती थांबली. अजून एक वाक्य, आणि ती रांगेत गेलीच नसती.

पण आबांना वाटलं, पुरावा द्यावा. ‘तुला कशावरनं पटवू पोरी? तुज्या आईला ज्यानं डांबून ठिवलं त्यो मानसिंग मुकादम मीच. म्हणून तर मला कळतंय.’

सारजाने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिचा चेहराच बदलला. ‘व्हय?’ ती म्हणाली. ‘मंग तुमचं तर आजाबात ऐकायचं न्हाय. आईनं तेवढंच शिकवलंय मला.’ तिने पिशवी खांद्याला लावली. मी तिचा हात धरला तर तिने सोडवून घेतला. ऋषिराज मागून हसला, ‘आजोबांना विमानाची भीती वाटली वाटतं.’ गेटवरच्या माणसाला आबांनी गाठलं, पण तिकीट, ओळखपत्र, वय, सगळं बरोबर होतं. तो तरी काय करणार? सहाही जण एकेक करून आत गेले. माऊलीसर सगळ्यांत शेवटी गेले. टोळी भरून झाली की मुकादम शेवटच्या गाडीत बसतो, असं आबा नंतर म्हणाले.

आम्ही पोलिसांत अर्ज दिला. त्यांनी नंबर टिपून घेतले, दिल्लीला कळवलं. माऊलीसरांचा नंबर त्या दिवसापासून बंद होता.

दोन महिन्यांनी, दुपारी, मला एका परक्या नंबरवरून फोन आला; माझं नाव आणि नंबर माऊलीसरांकडे होतेच. सारजा होती. ‘स्वरूपाताई, इथं खूप चांगलं आहे. जेवण चांगलं आहे, पगार वेळेवर आहे. तुम्ही पण या, मैत्रिणींनाही आणा.’ मी विचारलं, अगं, तू अशी पुस्तकातलं वाचल्यासारखी काय बोलतीस? तिने तेच पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, त्याच क्रमाने. आबा शेजारी ऐकत होते. फोन कट झाला. आबा उठले आणि टोपी घातली. ‘सोमेश्वरनगरला जायचंय,’ म्हणाले.

शकुबाई रस्त्याकडेला मेथी निवडत बसली होती. मी सारजाची ओळख सांगितली तशी तिचा चेहरा खुलला. ‘कालच पोरीचा फोन आला. म्हणाली, हितं खूप चांगलं आहे, जेवण चांगलं आहे.’ मग तिची नजर माझ्या मागे उभ्या असलेल्या आबांवर गेली आणि ती बोलायची थांबली.

आबा तिच्यासमोर मातीत बसले. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येत नाही, तरी बसले. ‘शकुबाई,’ ते म्हणाले, ‘तळावर फोन व्हता बघ. ऐतवारी तुमी बाया घरी फोन लावायच्या. तुजी आई आजारी पडली तवा तू तिला फोनवर काय सांगितलंस?’

शकुबाईने हातातली जुडी खाली ठेवली.

‘हितं लई चांगलं हाय, म्हणाले मी,’ ती हळू आवाजात बोलली. ‘जेवण चांगलं हाय, म्हणाले. तुमी शेजारी उभं होता.’

आबांनी मान हलवली. तिला आणखी काही सांगावं लागलं नाही. जिने मुकादमाच्या एका शब्दावर विश्वास ठेवायचा नाही असं लेकीला शिकवलं होतं, तिला आबांचं एका क्षणात पटलं. ती रडली नाही. पदराला हात पुसून तिने फोन काढला आणि कालचा तो नंबर लावला. बंद होता. तिने परत लावला.