अस्तराच्या कापडाखालचं यंत्र

पडदेवाली कुणाच्याही घरी गेली की मापाची फीत काढायच्या आधी एकच गोष्ट विचारायची, "दांडी आहे की पट्टी?" दांडीच्या पडद्याला कड्या लागतात, पट्टीच्या पडद्याला हुक. हे कळल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, हा तिचा तीस वर्षांचा नेम. गिऱ्हाईक वैतागायचं, "अहो, आधी रंग तरी बघा!" ही म्हणायची, "रंग बघू हो. पण लोंबणार कशावर?"

अशी ही शहाणी बाई. पुस्तकं घेताना मात्र तिने कुणाला काही विचारलं नाही.

पुस्तकं हवी होती वन्संना. वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. टेलिफोनच्या कचेरीत लोकांचे नंबर जोडून देण्यात वन्संचा जन्म गेला. लग्न केलं नाही, वाचन केलं. पडदेवालीचा नवरा गेल्यापासून घरात या दोघीच. पडदेवालीने शाळा सातवीत सोडलेली, आणि ती सातवी वन्संनी तिला कधी विसरू दिली नाही. ही वर्तमानपत्र घेऊन बसली की वन्सं लांबून विचारायच्या, "सुलटं धरलंयस ना?"

पुढे वन्संच्या डोळ्यांनी दगा दिला. कडेचं दिसायचं, मधलं पुसलेलं. छापील अक्षरांच्या नुसत्या मुंग्या झाल्या. फोनचा उजेड तर डोळ्यांत सुईसारखा टोचायचा. तेव्हा पडदेवालीच्या लेकीने आत्यासाठी ई-रीडर आणला. पाटीएवढं यंत्र, कागदासारखं शांत, अक्षर हवं तेवढं मोठं करता येणारं. नोकरीच्या गावी परत जाताना लेक दारातून म्हणाली, "आई, पुस्तकं घ्यायच्या आधी मला फोन कर. हरेक दुकानाचं पुस्तक यावर उघडत नाही."

"हो गं बाई, कळलं," पडदेवाली म्हणाली. म्हणजे ऐकलं नाही.

दोनच दिवसांनी तिला फोनवर एका दुकानाची जाहिरात दिसली. दीपगृह सांभाळणाऱ्या बाईची कादंबरी, मोठमोठे तीन भाग, एकत्र घेतले तर स्वस्त. हिने बोट टेकवलं आणि घेऊन मोकळी झाली. लेकीला कशाला विचारायचं? सातवीवालीलाही जमतं, हे एकदा वन्संना दाखवायचं होतं.

फोनवर पुस्तक झोकात उघडलं. यंत्रावर काही येईना. वायर लावली, बंद करून चालू केलं, पदराने पुसलंसुद्धा. वन्सं पलीकडच्या खोलीत चष्मा पुसून बसलेल्या.

"काय गं, झालं का?"

"यंत्रच बिघडलेलं निघालं हो," तिच्या तोंडून गेलं. "दुरुस्तीला टाकते. तोवर मी वाचून दाखवते फोनवरून."

"तू?" वन्सं म्हणाल्या. मग खुर्ची ओढून, "बरं. वाच."

पहिले आठ दिवस वाचन कसलं, दगडातून वाट काढणं. वन्सं मधेच टोकायच्या, "अगं, स्वल्पविराम आहे ना तिथे? थांब जरा, गाडी सुटत नाहीये तुझी." पण हळूहळू जीभ वळली. दुपारचा चहा झाला की वन्सं खुर्ची ओढून बसायच्या, ही पडद्याची शिलाई बाजूला सारायची. दीपगृहवालीने भावाला घरात घ्यावं की नाही, यावर दोघी वाद घालायला लागल्या. इतक्या वर्षांत त्यांचं एवढं बोलणं कधी झालं नव्हतं.

यंत्र दुरुस्तीला टाकते म्हणाली होती, तर एकदा खरंच ते पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडे गेली. त्याने दोन मिनिटांत बघितलं.

"मावशी, यंत्र ठणठणीत आहे. पुस्तकं कुलपातली घेतलीत तुम्ही. त्या दुकानाचं पुस्तक त्यांच्याच ॲपमध्ये उघडतं. तुमचा रीडर दुसऱ्या कंपनीचा."

"म्हणजे कड्यांचा पडदा हुकांच्या पट्टीवर चढवला."

"काय?"

"काही नाही. आता काय करायचं?"

"हीच कादंबरी दुसऱ्या एका दुकानात बिनकुलपाची मिळते. घेताना फक्त बघायचं, आपल्या रीडरला चालतं असं लिहिलंय का. पहिलं प्रकरण फुकट देतात, ते आधी यंत्रावर उघडून बघा, मगच बाकीचं घ्या. बसा, आत्ता करून देतो. दहा मिनिटांचं काम."

इथे पडदेवालीने काय करावं? "परवा येते," म्हणाली आणि यंत्र घेऊन घरी आली. कपाटात अस्तराच्या कापडांचा गठ्ठा होता, त्याच्याखाली सारलं. वन्संनी विचारलं तर म्हणाली, "सुटा भाग यायचाय."

तो परवा चार महिने उजाडला नाही.

पहिली चूक अडाणीपणाची, ती कुणाच्याही हातून होते. ही दुसरी तिने डोळे उघडे ठेवून केली, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं. अस्तर काढायला कपाट उघडलं की गठ्ठ्यातलं वरचंच कापड ओढून घ्यायची. वन्सं शेजारणीला म्हणाल्या, "वाचते हो बरी," तेव्हा इतक्या वर्षांनी मिळालेलं ते कौतुक ऐकायला नको म्हणून ती चहाचं आधण ठेवायला उठली. उद्या नक्की, म्हणायची. आणि दुपारी खुर्ची सरकल्याचा आवाज आला की वाटायचं, एवढा भाग संपू दे.

मग एका हॉटेलचं काम आलं, बावीस खिडक्यांचं. तीन दिवस ती दिवे लागल्यावर घरी येऊन तशीच आडवी झाली. गोष्ट अडलेली वादळात, दीपगृहवालीचा भाऊ होडीत. तिसऱ्या दिवशी ही चप्पल काढते आहे, तर वन्सं खोलीच्या दारात उभ्या. खुर्ची आधीच ओढून ठेवलेली.

"दमली असशील," वन्सं म्हणाल्या. आवाज एवढासा. "एकच पान वाचतेस का? अर्धंही चालेल गं."

ज्या बाईने जन्मभर फक्त हुकूम सोडले, तिने अर्ध्या पानासाठी पदर पसरावा! पडदेवालीने चार पानं वाचली, पण काय वाचलं ते तिला कळलं नाही.

सकाळी हॉटेलवाल्याला थांबायला सांगून ती मोबाइलवाल्याकडे गेली. आधी पहिलं प्रकरण उघडून बघितलं, मग तिन्ही भाग घेतले. घरी येऊन यंत्र वन्संच्या मांडीवर ठेवलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. जाहिरात, कुलूप, अस्तराचं कापड, काही हातचं राखलं नाही.

"कधी कळलं तुला?" वन्संनी विचारलं.

"चार महिने झाले."

"आणि मी त्या सुट्या भागाची वाट बघत बसले."

"चुकलंच माझं, वन्सं."

"नंबर चुकीचा लागला तर त्यात लाज नसते," वन्सं म्हणाल्या. "आमच्याकडे सगळ्यांचाच लागायचा. पण कळल्यावर लाइन सोडायची असते. धरून बसायची नसते." मग यंत्र चाचपत, "अक्षर मोठं कसं करायचं?"

हिने दाखवलं. एका ओळीत चार शब्द मावतील एवढं मोठं. वन्संनी मान थोडी वाकडी करून, कडेच्या नजरेने वादळाच्या पानाची पहिली ओळ वाचली. मग दुसरी. मग पान उलटलं.

त्या दुपारी चहा झाल्यावर खुर्ची सरकली नाही. वन्सं खिडकीशी वाचत होत्या. पडदेवाली हॉटेलच्या पडद्याला दुमड घालत बसली. मधेच वन्सं खुदकन हसल्या.

"काय झालं हो? भाऊ वाचला का?"

वन्संनी वर बघितलंसुद्धा नाही. "फोन आहे ना तुझ्याकडे? तूच वाच."

हिने मान खाली घातली आणि दोरा ओवला. चार महिने स्वतः लांबवलेल्या गोष्टीत पुढे काय झालं, ते आता तिला एकटीलाच वाचायचं होतं.