पासलीच्या धुतलेल्या पाट्या

भोरहून सर्व्हिस मोटार सुटली, तेव्हा मी इतकी खुशीत होते की शेजारच्या आजींनी विचारलं, "म्हायेराला निगालासा काय?"

"नाही हो, कविता आणायला!"

आजी गुपचूप पलीकडे सरकल्या.

मुलांनी स्वतः रचलेल्या कवितांचं पुस्तक मी छापायला दिलं होतं. कविता सगळ्या भोरातल्या माझ्या विद्यार्थ्यांच्या. "डोंगरातली पोरं पाठ म्हणतील हो, रचणार कुठली?" असं आमचे हेडमास्तर म्हणाले आणि माझं डोकंच फिरलं. पुस्तकाचा शेवटचा फर्मा (एकदम छापायच्या पानांचा गठ्ठा) सोमवारी छपाईला जायचा होता. त्याआधी डोंगरातल्या पासली गावची एक तरी कविता हवीच! तिथल्या मास्तरांना मी पत्र टाकलं होतं: मुलांना पाट्यांवर लिहू द्या, मी येऊन उतरून घेते.

नसरापुरापासून बैलगाडी. वेल्ह्यात मुक्काम केला. सकाळी तोरणा असा लख्ख समोर, की चहा हातातच निवला. पुढे दोन्ही बाजूंना खाचरं (बांध घातलेली भातशेतं), भात नुकतंच निसवलेलं, लोंब्या बाहेर डोकावणाऱ्या. गाडीचं चाक चिखलात रुतलं, मी उतरले आणि एक चप्पल कायमची तिथेच राहिली. गाडीवान म्हणाला, "बाई, आता दुसरीबी टाका. एका पायात काय करायची?" टाकली!

पासलीची शाळा देवळात भरायची. मास्तर हसतमुखानं सामोरे आले. पाट्या ओळीनं मांडलेल्या, काळ्याभोर.

"तपासणीचे साहेब यायचे असले की पाट्या धुतोच आम्ही. तुमच्यासाठी तर कोळशानं घासून घेतल्या!"

"आणि कविता?"

मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. "त्या... त्यांच्यावरच होत्या, बाई."

मला रडू यायचंच बाकी होतं. मास्तरांनी मुलांना आठवायला सांगितलं. पहिल्यानं हात जोडून क्रमिक पुस्तकातली कविता घडाघडा म्हटली. दुसऱ्यानं तीच. तिसऱ्यानंही तीच! हेडमास्तर मला समोर दिसू लागले.

इतक्यात काशी नावाच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीची आई माझ्यासाठी नाचणीची भाकरी आणि कुर्डूची भाजी (पावसाळी रानभाजी) घेऊन आली. "खावा बाई, लई लांबनं आलासा." भूक अशी लागली होती की दुःख बाजूला ठेवून मी जेवले. काशी समोर बसून माझ्याकडे टक लावून बघत होती.

"तुझी कविता कुठली होती गं?"

"गेली की ती. आता न्हाई आठवायची." मग कोऱ्या पाटीकडे बघत म्हणाली, "थांबा, नवी करती."

पेन्सिल कुरकुरली. पुसलं, परत लिहिलं. मग तिनं वाचलं:

"आबाळानं पाटी पुसली,
तारं गेलं कुठं?
आय म्हनली, भातात बग,
दानं झाल्यात तितं."

मी ओरडलेच! तिची आई पदर तोंडाला लावून हसत होती. "आगं, म्या कवा म्हनलं आसं?"

लगेच मी ती वहीत उतरून घेतली. वर पाहते तो काशी पाटी पुसत होती.

"अगं, अगं! राहू दे की!"

"तुमच्या वहीत हाय न्हवं? मला जागा पायजे. दुसरी सुचतीया."

परतीची सगळी वाट मी अनवाणी, हसत काढली. इतकी वर्षं मी मुलांच्या कविता जपून ठेवत आले, बक्षिसं देत आले. पण लिहायला जागा मात्र कधी दिली नव्हती.

सोमवारी छापखान्याच्या मालकांना काशीची कविता दिली आणि म्हणाले, "हिच्यापुढची दोन पानं कोरी सोडा."

"कोरी? लोक मला नावं ठेवतील, बाई!"

"ठेवू देत. वाचणाऱ्या पोरांना सुचलं, तर लिहायचं कुठं त्यांनी?"