अंगठी आणि कुड्या घेऊन यावल ते धुळे

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दहा दिवस राहिले होते तेव्हा आमच्या धाकट्या लेकीचा, कमलचा, धुळ्याहून फोन आला. फोन म्हणजे यावलच्या बसस्टँडजवळच्या एसटीडीवाल्याकडे. त्याने निरोप कागदावर लिहून घेतला आणि आमच्या गावच्या माणसाबरोबर घरी पाठवला. ‘यंदा आखाजीला येणं जमणार नाही.’ एवढाच मजकूर. आमच्या खानदेशात दिवाळीला लेक चुकली तर लोक समजून घेतात. आखाजीला ती माहेरी यायचीच. लिंबाला झोका बांधला आणि त्यावर घरची लेक नाही, तर बाया विचारतात. लग्नाला सोळा वर्षं झाली, कमल एकदाही चुकली नव्हती.

कारण तिने कळवलं नाही, पण ते मला ठाऊक आहे असं मी धरून चाललो. गेल्या वर्षी तिची आई गेली. मागे हिऱ्याचे दोन दागिने राहिले. एक अंगठी, एकाच मोठ्या खड्याची. आणि कुड्यांचा जोड, एकेका कुडीत सात बारीक खडे. ‘दोघींना सारखं द्या,’ एवढं ती मला सांगून गेली होती. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. सारखं म्हणजे वजनाला सारखं, हे मला कळतं. आमचा सोनार म्हणाला, चौदा खडे मिळून अंदाजे तेवढेच भरतील, जेवढा तो एक. मी वर्षश्राद्धाला सगळ्यांसमोर सांगून टाकलं: अंगठी पारोळ्याच्या इंदूला, ती थोरली; कुड्या कमलला. नंतर सूनबाईकडून कळलं की धुळ्याला तिची जाऊ म्हणाली, एका मोठ्या खड्याची किंमत बारक्यांच्या तिप्पट असते, तुला फसवलं. आणि मग हा निरोप.

तेव्हा ठरवलं, अजून माझ्याकडेच असलेले दोन्ही दागिने जळगावच्या जाणकाराला दाखवायचे, खरी किंमत काढायची, पुढे पारोळा आणि धुळं करून दोघींना समोरासमोर सांगायची. मुलगा सुरेश म्हणाला, "आबा, ऊन काय आहे, मी जाऊन येतो." पण ज्याने वाटणी केली त्यानेच जायला हवं होतं.

दागिने रुमालात बांधले, रुमाल बंडीच्या आतल्या खिशात घातला आणि खिशाला दोन टाके घालून घेतले. यावलहून सकाळची पहिली बस धरावी. भुसावळवरून जळगावला जाते, तिकीट दहा-बाराच्या आत. तापीच्या पुलापर्यंत दोन्ही बाजूंना केळी असतात, त्यामुळे वारा थंड लागतो. पूल ओलांडला की गरम होऊ लागतं. जोखीम जवळ असेल तर खिडकीशी बसू नये, असं माझं मत. माझ्या शेजारी बसलेला माणूस भुसावळपर्यंत झोपेत माझ्या खांद्यावर पडत होता आणि मी दर पाच मिनिटांनी छातीला हात लावत होतो. शेवटी त्याने डोळे उघडून विचारलं, "आबा, छातीत दुखतंय का? भुसावळला उतरून घ्या, दवाखाना आहे."

जळगावला उतरून आधी पोटभर खाऊन घेतलं. सराफात गेल्यावर किती वेळ लागेल याचा नेम नाही. शेवभाजी, भाकरी आणि ताक, पंधरा रुपयांत माणूस तृप्त होतो. भाजी तिखट असते, बाहेरच्या माणसाने आधी सांगून ठेवावं.

दुकानाचं नाव सांगत नाही, सराफात कोणीही दाखवील. तिथे हिरे पाहायला एक म्हातारे गुजराती गृहस्थ बसतात, सगळे त्यांना मगनकाका म्हणतात. त्यांनी माझे दागिने आधी नुसते कोमट पाण्यात धुतले. मग पेढीवरचे दिवे सोडून मला दारापाशी उजेडात नेलं.

"दिव्याखाली सगळेच हिरे चांगले दिसतात," ते म्हणाले. "हिरा पाहायचा तो दिवसा, पांढऱ्या कागदावर, उलटा ठेवून."

मी विचारलं, "फुंकर मारून पाहू का?"

"मारा. खऱ्यावरची वाफ लगेच उडते. पण त्याने खरा की खोटा एवढंच कळतं. चांगला की वाईट ते कसं कळणार?"

त्यांनी मला जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहितो, कारण कोणाला उपयोगी पडेल. केळीचा व्यापारी बागेत येतो तेव्हा नुसतं घडाचं वजन पाहत नाही. रंग पाहतो, सालीवरचा डाग पाहतो, फण्या कशा बसल्या आहेत ते पाहतो. हिऱ्याचं तसंच. रंग जितका पाण्यासारखा तितका भाव जास्त, पिवळी झाक आली की उतरला. आत डाग किंवा चीर नको. पैलू नीट पाडलेले हवेत, नाहीतर मोठा खडाही मंद दिसतो. आणि वजन. पण वजनाची गोष्ट सोन्यासारखी नाही. दोन अर्धे तोळे मिळून एक तोळा होतो, दोन अर्धे हिरे मिळून एक हिरा होत नाही. मोठा खडा दुर्मिळ, म्हणून त्याचा भाव चढत जातो.

म्हणजे जावेचं खरं होतं. माझी वाटणी चुकलेली होती. मी मनात फरकाची रक्कम मांडायला लागलो, तेवढ्यात काकांनी भिंग लावून अंगठी पाहिली आणि पाहतच राहिले.

"आबा, हा कधी पडला होता?"

"नाही."

"कशावर आपटला?"

"नाही हो. बाई जपून वापरायची."

"मग ही चीर कुठून आली? वरून दिसत नाही, पण आत पार मधोमध गेली आहे."

तेव्हा मला आठवलं. वीस-बावीस वर्षांपूर्वी केळीला चांगला भाव आला होता, तेव्हा एका ओळखीच्या सुरतवाल्याकडून तो खडा मी सुटा घेतला होता. घेतल्यापासून झोप नव्हती, काच तर नसेल? कीर्तनात लहानपणापासून ऐकलेलं, खरा हिरा ऐरणीवर घणाखालीही टिकतो. मी खडा फडक्यात गुंडाळून गावच्या लोहाराकडे नेला होता. इंदूची आई दारात उभी होती.

काकांना हे सांगावं लागलं. "दोनच घाव घातले," मी म्हणालो.

पेढीवरचा एक माणूस तोंड फिरवून हसला. काका हसले नाहीत. "टणक असणं वेगळं आणि मार सोसणं वेगळं. हिरा काचेवर ओरखडा काढील, पण लाकूड रेषेत फाटतं तसा तोही फाटतो. तुमचं नशीब म्हणा, चिरेवर भागलं. चूर झाला असता."

चीर नसती तर अंगठी कुड्यांच्या तिप्पट किमतीची होती. चिरेसकट ती कुड्यांच्या खाली गेली. कुड्यांचे खडे लहान, पण चौदाही स्वच्छ आणि एका रंगाचे. असे जुळलेले आता सहज मिळत नाहीत, असं काका म्हणाले. मग हळू आवाजात म्हणाले, "नुसत्या डोळ्यांना चीर दिसत नाही. घरात सांगितलंच पाहिजे असं नाही."

पैसे विचारले तर घेतले नाहीत, चहा पाजला.

जळगावहून पारोळा दोन तासांच्या आत. एरंडोलपर्यंत ट्रकांची रांग असते, दुपारी बस तापते, ओला पंचा डोक्यावर घ्यावा. त्या वाटेवर मला काकांचं शेवटचं वाक्य सोडत नव्हतं. न सांगितलं तर इंदूला वाटणार आपल्याला जास्त मिळालं, आणि कमललाही वाटणार की इंदूलाच जास्त मिळालं. सांगितलं तर बायकोची अंगठी मीच फोडली, हे लेकींना कळणार.

इंदूचं घर किल्ल्याच्या बाजूला. जावई शाळेत मास्तर आहेत, ते परीक्षेचे पेपर तपासत बसले होते. मी पाणीही न पिता सगळं सांगून टाकलं. इंदू ऐकत कैरीचं पन्हं ढवळत होती.

"म्हणजे माझ्या वाट्याला फुटका," ती म्हणाली.

"वरचे पैसे मी भरून देतो."

"आबा, तुम्ही पन्हं घ्या आधी. आखाजीच्या आत तुम्हालाच काहीतरी होईल."

मग तिने रुमालातून कुड्या उचलल्या आणि आरशासमोर कानात घातल्या. बराच वेळ पाहत होती. "आजीच्या कानात पाहिल्या होत्या मी ह्या," म्हणाली. "कमल तेव्हा झालीसुद्धा नव्हती." आणि काढून अंगठीबरोबर परत बांधून दिल्या. "तिच्याकडे जा. पण तिला भाव सांगत बसू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याची बस. पारोळ्याहून तासभर. रस्ता चांगला, उजाड. कमल दारातच म्हणाली, "या ना आबा, इतलं ऊन शे आनि तुम्ही कथा निंघनात?" एवढ्या उन्हात कुठे निघालात, असं. धुळ्याला राहून तिची बोली पार बदलली आहे, बापाशी बोलतानाही विसरते. जाऊ ओट्यावर मिरच्या निवडत होती. तिच्यासमोर बोलू नये, असं ठरवून आलो होतो, पण ती उठेना. शेवटी तिच्यासमोरच सांगितलं. तिप्पट भाव, ऐरण, चीर, कुड्या आता वरचढ, सगळं.

जाऊ म्हणाली, "बघ, मी सांगत होते ना, भाव काढायला हवा."

कमल तिच्याकडे पाहून म्हणाली, "अक्का, भावाचं मी तुम्हाला काही विचारलं होतं?" मग माझ्याकडे वळली. "आबा, तुम्ही यावलच्या सोनाराला विचारलं. जळगावच्या माणसाला विचारलं. वर्षश्राद्धाला आलेल्या अख्ख्या गावाला विचारलं. मला काय पाहिजे ते कोणी विचारलं?"

मी म्हणालो, "तुझी आई सारखं म्हणाली होती."

"आईच्या कानात मी कुड्या कधी पाहिल्या नाहीत. डब्यातच असायच्या. अंगठी तिच्या बोटात असायची, पीठ मळताना, केस विंचरताना. माझ्या केसांत अडकायची ती, मी ओरडायचे. ती तुम्ही इंदूला देऊन टाकली, आणि मी तिथे येऊन झोके खेळू?"

मी म्हणालो, "अंगठीत चीर आहे."

"ठाऊक आहे. तुम्हीच आत्ता सांगितलं."

मी रुमाल सोडला. तिने अंगठी घेतली, बोटात घातली, सैल झाली. तिने बोटाला दोरा गुंडाळून परत घातली. जाऊ मिरच्या घेऊन आत गेली. मग कमल विचारते, "आई काय बोलली होती? खडा ऐरणीवर ठेवला तेव्हा?"

इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, "म्हणाली, झालं समाधान? आता द्या इकडे."

कमल हसली. आल्यापासून पहिल्यांदा.

परतताना पारोळ्याला उतरून कुड्या इंदूच्या हातात दिल्या. वरचे पैसे हा विषय तिने काढू दिला नाही.

आता हे लिहितोय तेव्हा आखाजी होऊन गेली आहे. दोघी आल्या होत्या. खापरावर पुरणपोळ्या झाल्या, झोक्यावर बाया गाणी म्हणत होत्या, आणि कमल येईल त्या बाईला बोट दाखवून सांगत होती, "आमच्या आबांनी हिऱ्यावर हातोडा मारला." मला आधी लाज वाटली. नंतर पाहिलं तर इंदूच तिला सांगत होती, नीट सांग, दोनदा मारला.

कोणी दागिने वाटायला काढले असतील तर जळगावला जरूर जावं, भिंगातून पाहून घ्यावं, सोनं आणि खडा वेगवेगळा तोलायला सांगावा. भाव माहीत असावा. पण आधी ज्यांना द्यायचे त्यांच्याकडे जावं. मी उलटा गेलो, म्हणून मला दोन दिवस लागले.

कमलला बसमध्ये बसवून दिलं तेव्हा मी नेहमीप्रमाणे दिवाळीचं विचारणार होतो. मी तोंड उघडण्याआधीच ती खिडकीतून म्हणाली, "दिवाळीनी वाट नका देखू आबा. राखीलेच येसू."