शेवळांच्या उतारावरची गोदा

आपटा गावाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी कातकऱ्यांची एक वाडी आहे. गोदा तिथं लग्न होऊन आली, तेव्हा सासूनं तिला घराआधी डोंगराचा उतार दाखवला. घर म्हणजे कुडाची एक खोली, त्यात दाखवायचं काय? उतारावर मात्र शेवळं ही रानभाजी उगवायची. मृगाच्या सुमारास, पान फुटण्याच्या आधीच, मिटलेल्या छत्रीसारखे जांभळट तपकिरी कोंब जमिनीतून वर यायचे.

"कोंब खुडायचा, कंद नाय उपटायचा," सासू म्हणाली. "कंद ऱ्हायला तर पुढल्या साली पुन्ना शेवळं."

सासू गेली. गोदा दर साली त्या उतारावर चढत राहिली. उजाडायच्या आत कोंब खुडायचे, पळसाच्या सालीनं जुड्या बांधायच्या आणि मिळेल त्या टेम्पोनं पनवेल गाठायचं. बाजारात एका बंद दुकानाच्या पायरीवर तिची जागा होती. शेवळांबरोबर ती काकडाची आंबट हिरवी फळंही द्यायची, नाहीतर भाजी घशाला खाजते. ठरलेल्या गिऱ्हाइकांत नवीन पनवेलच्या दमयंती कर्णिक होत्या. मूळच्या पेणच्या. शेवळांचा हंगाम आला की त्या पिशवी घेऊन पायरीसमोर उभ्या राहायच्या आणि भाव न करता घ्यायच्या.

त्र्याण्णव साल असेल. नव्या वसाहतींना भरावासाठी मुरूम हवा होता. तो उतार कुणाच्या नावावर आहे हे वाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्याच्या नावावर होता, त्यानं तो मुरमासाठी देऊन टाकला. दिवाळी झाली आणि मशीन आलं.

गोदाचा नवरा जैतू त्या दिवशी खुशीत घरी आला. दरवर्षी दिवाळीनंतर तो वीटभट्टीवर जायचा आणि पावसाच्या तोंडावर, पाठ मोडून, परत यायचा.

"औंदा भट्टी नाय," तो म्हणाला. "हितंच काम हाय, मुरूम भरायचं. आपला अंकुश मुकादम झालाय. तुला बी घेतो बोलला."

गोदानं चुलीतलं लाकूड आत सारलं. तिच्या ओठांवर आलं होतं, उतार खणतील तर मग शेवळं? पण जैतू जमिनीवर पाठ टेकून पडला होता आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा हिवाळ्यात घरी होता. ती म्हणाली, "बरं."

आणि तीही कामाला गेली. मशीन डोंगर ओरबाडायचं, बायका पाट्या भरायच्या. काही दिवसांनी मुरमात कंद दिसू लागले. निजलेले, मातकट, कुठे अख्खे, कुठे कापले गेलेले. सुरुवातीला गोदानं ते तसेच ट्रकमध्ये टाकले. मग एके दुपारी तिचे हात आपोआप थांबले आणि ती कंद बाजूला काढू लागली.

अंकुश, जैतूचा चुलतभाऊ, जवळ आला. "वैनी, पाटी भर. काय येचतीस?"

"शेवळाचे कंद हायती, भाऊजी."

"इकायचे?"

"नाय."

"मग?"

गोदानं आणखी एक कंद बाजूला ठेवला. "ऱ्हाऊ दे," एवढंच ती म्हणाली. अंकुशही दमलेला होता. तो सावलीत जाऊन बसला.

तिनं ते कंद पदरात बांधून घरी नेले आणि झोपडीमागच्या करंजाखाली पुरले. पुढच्या पावसाळ्यात नुसती पानं आली. त्याच्या पुढच्या साली एकच कोंब वर आला.

"आये, खुड की," मुलगी मनिषा म्हणाली.

"एका कोंबाची जुडी व्हते काय? ऱ्हाऊ दे."

कोंब राहिला. दोन-तीन दिवसांनी तो उमलला, आणि घरात अशी घाण पसरली की जैतू बाज उचलून तिच्याखाली मेलेला उंदीर शोधू लागला. गोदा मागे गेली तर फुलावर माशा घोंगावत होत्या. जन्मभर तिनं शेवळं विकली, पण मिटलेली. उमललेल्याजवळ कधी थांबायची वेळच आली नव्हती. ती नाकाला पदर लावून बघत राहिली. जैतू आला, त्यानंही बघितलं.

"ह्ये लोकं खात्यात?" तो म्हणाला.

गोदाला हसू आलं. जैतूलाही आलं, पण त्याला लगेच खोकला लागला. मुरमाची धूळ छातीत बसली होती.

त्याच पावसाळ्यात खणलेल्या डोंगराचा राडा वाहत खाली आला आणि करंजाचा बुंधा गुडघाभर चिखलात गेला. गोदानं फावडं घेतलं, थोडं उपसलं आणि ठेवून दिलं.

बाजारात ती रिकाम्या हातानं गेली, ती दमयंतीबाईंना शोधायला. मुरमाचं काम संपलं होतं, जैतूच्यानं भट्टी होत नव्हती. दमयंतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या कॉलनीत बाग होती, माळ्याला हाताखाली बाई हवी होती. त्यांनी शब्द टाकला आणि गोदाला काम मिळालं. वाडीतून रोजचं येणं-जाणं, दिवसभर गवत काढणं. गुडघे दुखायचे, पण पगार वेळेवर मिळायचा.

एकदा जुलैत हिरवळीच्या कडेनं टाकळा माजला होता. कोवळा, लुसलुशीत. माळी म्हणाला, सगळा उपट. गोदा उपटत गेली आणि चांगली चांगली पानं ओटीत टाकत गेली. संध्याकाळची भाजी झाली असती.

व्हरांड्यातून दमयंतीबाईंनी पाहिलं. "अगं गोदा, घरी नेऊ नकोस ती! परवाच औषध मारलंय तिथं. तण जळायचं औषध."

गोदा उभी राहिली. मग तिनं ओटी ढिगावर रिकामी केली, पदर झटकला आणि नळावर हात धुतले.

दमयंतीबाई चहा घेऊन खाली आल्या आणि तिला बसवून तिच्याशेजारी पायरीवर बसल्या. "टाकळा खाऊन किती वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "पेणला आई करायची, चण्याची डाळ घालून. चांगला कुठं मिळेल गं?"

"हिंडावं लागंल, वैनी."

"आणशील एकदा?"

गोदानं कपातला चहा संपवला. रस्त्यापलीकडे आणखी एका इमारतीचा पाया खणत होते, त्याकडे तिचं लक्ष होतं.

"आता हिंडणं नाय व्हत," ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून उरलेलं गवत काढायला उठली.