दाईबुढीची मुळी

बाळंतिणीच्या घरी आली की दाईबुढी आधी चूल विझवायला लावायची. पिठाचं डबडं, पाण्याचा माठ, सगळं अंगणात. मगच फडक्यातून कळलावीची मुळी बाहेर यायची. कळा थांबल्या असतील तर ती उगाळून तळपायांना लेप लावायचा, आणि पोर रडलं की लगेच राखेने पाय घासून धुवायचे. मीही तिच्याच हातची. तिच्याविषयी मला नीट लिहिता येईल की नाही, ठाऊक नाही.

पावसाळ्यात पुसदच्या डोंगरात कळलावी लाल-पिवळी फुलते. आम्ही मुली ती वेणीत माळायला आणली की दाईबुढी हिसकून फेकायची. "वर रूप देल्लं देवानं, अन् जहर खाली गाडून ठेवलं," म्हणायची.

तिची एकुलती लेक मुकुटबनला दिली होती. दुसऱ्या खेपेला ती सासरीच राहिली. ऐन वेळी दाईबुढी तापाने पडली, म्हणून तिने जावयाबरोबर मुळीचा तुकडा धाडला. फक्त पायांना लावायचा, असं बजावलं. तिथे लेप लावूनही कळा येईनात. सासूने उरलेलं पाण्यात कालवून पाजलं. ओकून ओकून लेक गेली, पोटातलं मूलही गेलं.

पुढे ती सासू येऊन पाया पडली. "पायाले लावून एवढा गुन येते, मंग पोटात देल्लं त लवकर सुटन, असं वाटलं मले."

दाईबुढीने तिला उठवलं. "तू नाही मारलं, माय. फडक्यात बांधून देल्लं त मीच."

त्यानंतर तिने मुळीला हात लावला नाही. पुढल्या वर्षी माझी काकू अडली. आजोबांनी मुळीसाठी हात जोडले. ती एवढंच म्हणाली, "बंडी जुंपा." पुसदच्या दवाखान्यापर्यंत काकूचं डोकं तिच्या मांडीवर होतं. काकू वाचली, मूल नाही. मुळी लावली असती तर पोर हाती लागलं असतं, असं गाव बोलू लागलं. विहिरीवर बायका तिच्यादेखत म्हणायच्या, "बुढीनं लेकीचं उट्टं आमच्यावर काढलं." ती घागर भरून निघून जायची. काकूनेही बोलणं टाकलं. मग तिला कुठल्याच घरून बोलावणं आलं नाही.

ती गेली तेव्हा मी कॉलेजच्या सुटीत घरी होते. गावात तिचं जवळचं कोणी नव्हतं. शेवटची आंघोळ कोण घालणार, म्हणून बायका एकमेकींकडे पाहत उभ्या होत्या. काकू पदर खोचून पुढे झाली. तिने पाण्यात हात घालून पाहिला. कढत वाटलं असावं. तिने त्यात थोडं गार ओतलं.